भेग सरकताना धातू बोलतो, पण त्यावर विश्वास ठेवायचा किती? (एई टेस्टिंगचे अनुभव हवेत)

मिलीसेकंद | 3 जुलै, रात्री 10:12

नमस्कार मंडळी,

मी गेली बारा वर्षं प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाबाखालच्या टाक्यांच्या, तपासणीत आहे. आधी यूटी (अल्ट्रासॉनिक तपासणी) आणि रेडिओग्राफी, आणि गेली चार वर्षं अकूस्टिक एमिशन, म्हणजे आमच्या बोलीत एई. बऱ्याच जणांना हे नाव नवीन असेल म्हणून आधी थोडं सांगतो.

पोलादावर ताण वाढत गेला आणि आतली एखादी भेग केसभर जरी पुढे सरकली, तरी त्या क्षणी तिथे साठलेली ऊर्जा सुटते आणि पत्र्यातून एक लाट पळत जाते. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही. आपला कान 20 किलोहर्ट्झला संपतो, आम्ही ऐकतो ते साधारण 100 ते 300 किलोहर्ट्झमध्ये. पत्रा घासून स्वच्छ करायचा, ग्रीस लावायचं, चुंबकाच्या होल्डरने पिझो सेन्सर बसवायचे, प्रेशर सावकाश चढवायचं आणि पडद्यावर डोळे लावून बसायचं. बाहेरून आपण काही सोडत नाही. जे बोलायचं ते धातूनेच.

आता प्रश्न. पुढच्या महिन्यात एका कारखान्यात जुन्या एलपीजी बुलेटची (गॅसच्या आडव्या लांब टाकीची) हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, आहे. मी म्हटलं, पाणी भरून प्रेशर देताच आहात तर सोबत एई लावू. तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी विचारलं, "दीडपट प्रेशरला फुटली नाही म्हणजे पास. वेल्डची यूटीही होतेय. मग ऐकायचं काय त्यात?"

माझं म्हणणं असं की हायड्रो एवढंच सांगते, की टाकी आज फुटली नाही. त्या दीडपट प्रेशरखाली आतली एखादी भेग दोन मिलिमीटर वाढली आणि तिथेच थांबली, तर हायड्रो पास आणि टाकी आधीपेक्षा मोठी भेग घेऊन परत गॅस भरायला तयार. हे मला फार टोचतं. पण त्यांना पटवता आलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी एईच्या सिग्नलवरून टेस्ट थांबवली होती आणि शेवटी तो सॅडलखालच्या (टाकीच्या बैठकीखालच्या) गंजाचा आवाज निघाला. एक दिवस वाया गेला. ती गोष्ट यांच्याही कानावर गेली आहे.

ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. विरोधात असलात तरी.

कीमनचा_नातू | 3 जुलै, रात्री 10:40

आजोबा मनमाडकडच्या सेक्शनला कीमन होते. रोज हातोडा, पाना घेऊन रुळावरून चालायचे. लहानपणी मनमाड स्टेशनवर गाडी थांबली की डब्याखाली वाकून चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस मी पाहिलेला आहे. चांगलं चाक टणकन वाजतं, तडा असेल तर बद्द. आजोबा म्हणायचे, लोखंड खोटं बोलत नाही. तुमचं एई म्हणजे हेच ना, मशीनने केलेलं?

मिलीसेकंद | 3 जुलै, रात्री 10:58

@कीमनचा_नातू, जवळचं आहे पण तेच नाही. चाकावर हातोडी मारणं म्हणजे बाजारात माठ वाजवून घेणं. आपण टकटक करतो आणि वस्तू उत्तर देते. यूटीही त्याच घराण्यातली, आवाज आपण सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी वाचतो. रेल्वेत रुळांसाठी यूएसएफडी (अल्ट्रासॉनिक भेगशोधक) वापरतात तीही तशीच. एईमध्ये आपण गप्प. जुन्या घरात रात्री तुळई कडकड करते आणि घरातले मोठे उठून टेकू लावायला धावतात, ते एई. खाणीतले कामगार लाकडी टेकूंचा आवाज ऐकून बाहेर पडायचे, तेही एईच.

त्यामुळेच पहिली अट: ताण वाढला पाहिजे. गप्प पडलेली भेग एईला दिसत नाही.

नाना_वेल्डर | 4 जुलै, सकाळी 7:15

विरोधात लिहा म्हणालात म्हणून लिहितो. राग मानू नका.

तीस वर्षं वेल्डिंग आणि यूटी केली. एईवाले दोनदा आमच्याकडे आले. दोन्ही वेळा पडद्यावर ठिपक्यांचा (टिपलेला एकेक आवाज म्हणजे एक ठिपका) सडा पडला, आणि "भेग किती लांब, किती खोल?" असं विचारल्यावर उत्तर नाही. यूटीचा पोरगा मला सांगतो, 6 मिमी खोलीवर 12 मिमी लांब. त्यावरून मी गाऊजिंग (वेल्ड कोरून काढणं) करायचं की नाही ते ठरवतो. ठिपक्यांवरून काय ठरवू?

दुसरं. चांगलं मऊ, लवचीक पोलाद ताणलं की हळूहळू फाटतं, फार आवाज करत नाही. ठिसूळ पोलाद कडाकडा वाजतं. म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा धोका मोठा असंही नाही, आणि शांत आहे म्हणजे ठीक आहे असंही नाही. बरोबर की चूक?

मिलीसेकंद | 4 जुलै, सकाळी 8:02

नाना, राग कसला. दोन्ही मुद्दे शंभर टक्के बरोबर. एई भेगेची लांबी-खोली सांगत नाही, सांगूच शकत नाही. आणि चिवट पोलादातली भेग कमी बोलते हेही खरं. म्हणून मी यूटीऐवजी एई असं कधी म्हणत नाही. एई सांगते कुठे बघायचं, यूटी सांगते किती आहे.

पण एक हिशेब बघा. ही बुलेट 20 मीटरच्या वर लांब आहे. यूटी होणार ती ठरलेल्या वेल्डवर, ठरलेल्या पट्ट्यात. सगळ्या पत्र्यावर प्रोब फिरवायला कोणी वेळ देत नाही. दहा-बारा सेन्सर मात्र एकाच प्रेशर सायकलमध्ये सगळं अंग ऐकतात.

सावली_उन्हाची | 4 जुलै, दुपारी 1:20

मी यातली नाही, पण धागा वाचायला घेतला आणि बाबांची आठवण आली. बाबांचा कल्हईचा व्यवसाय होता. भांडं तापवायचं, नवसागर मारायचा, कथलाची कांडी फिरवायची, कापसाच्या बोळ्याने पुसायचं. ते कथील घेताना कांडी कानाजवळ धरून वाकवायचे. चर्र्र असा बारीक आवाज यायचा, जणू कोणी कोरडी पानं चुरगळतंय. आवाज आला तर कथील शुद्ध, शिसं जास्त मिसळलेलं असेल तर कांडी गप्प वाकते. आम्हा भावंडांना ती कांडी परत परत वाकवायला हवी असायची आणि बाबा ओरडायचे. त्या आवाजाचा आणि तुमच्या आवाजाचा काही संबंध आहे का?

मिलीसेकंद | 4 जुलै, दुपारी 2:05

@सावली_उन्हाची, अहो ताई, तुमचे बाबा कानाने एई करत होते! खरंच सांगतो. कथील वाकताना त्याच्या स्फटिकांचा थोडा थोडा भाग एकदम दिशा बदलतो, त्याला ट्विनिंग म्हणतात. प्रत्येक वेळी ऊर्जा सुटते आणि ती आपल्या कानाच्या टप्प्यात येते. पुस्तकांत याला कथलाचं रडणं म्हणतात. एईच्या इतिहासाचं पहिलं पान तेच असतं. पोलादाचं रडणं कानाच्या पलीकडचं, एवढाच फरक.

कोयनाकाठ | 4 जुलै, रात्री 9:30

म्हणजे हा छोटा भूकंपच झाला की. कुठेतरी ताण साठतो, एक तुकडा सरकतो, लाटा निघतात, आणि तीन-चार ठिकाणी त्या कधी पोचल्या त्या वेळांवरून उगम काढायचा. आमच्या कोयनेला धरण भरायला लागलं 1962 साली, तेव्हापासून बारीक धक्के सुरू झाले होते आणि ते मोजायला यंत्रंही बसवली होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. घरात अजून त्या पहाटेबद्दल बोलतात. आजी सांगायची की त्याआधी कित्येक महिने भांडी वाजायची आणि लोकांना सवय झाली होती.

मिलीसेकंद | 4 जुलै, रात्री 10:10

तंतोतंत तेच गणित. पोलादी पत्र्यात लाट साधारण सेकंदाला 3000 मीटरने जाते असं धरलं तर एका मायक्रोसेकंदात 3 मिलिमीटर. दोन सेन्सरवर पोचायच्या वेळेत 1 मिलीसेकंदाचा फरक आला तर अंतरात 3 मीटरचा फरक. तीन सेन्सर मिळाले की पत्र्यावर ठिकाण सापडतं. (माझं इथलं नाव तिथूनच आलं.)

आजींचं ते "सवय झाली होती" मनात राहिलं.

अपर्णा_पुणे | 4 जुलै, रात्री 10:31

आमच्या सासूबाई आतल्या खोलीत बसून जिन्याच्या कुठल्या पायरीवर कोण आहे ते सांगतात. सेन्सर एकच, तोही 78 वर्षांचा, आणि अजून कॅलिब्रेशनमध्ये :)

दुर्बीण | 5 जुलै, सकाळी 9:44

कोयनेची तारीख वाचून लिहायला बसलो. त्यानंतर चारच दिवसांनी, 15 डिसेंबर 1967 ला, अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. 46 माणसं गेली. 1928 चा पूल, दोरखंडाऐवजी डोळे असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तोललेला, आणि प्रत्येक दुव्यात पट्ट्या दोनच. त्यातल्या एका पट्टीच्या डोळ्यात आतल्या बाजूला गंज आणि ताण यांनी मिळून जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग तयार झाली होती. तिने एक पट्टी मोडली आणि सगळा पूल गेला. सांधा सुटा केल्याशिवाय ती भेग दिसणं शक्य नव्हतं. त्यानंतरच तिथे पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी नियम आले.

हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. डोळा पोचत नाही अशी जागा, आणि ताण मात्र रोजचा.

रानवारा | 5 जुलै, सकाळी 10:15

मग आपल्याकडे सावित्रीवरचा पूल गेला 2016 मध्ये, तिथे असे सेन्सर असते तर महाडच्या दुर्घटनेतली ती माणसं वाचली असती! आपल्याकडे कोणाला पडलेलीच नाही.

दुर्बीण | 5 जुलै, सकाळी 10:40

@रानवारा, तुमची तळमळ समजते. 2 ऑगस्टची ती रात्र कोकणातला कोणीच विसरणार नाही. पण तो ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल होता आणि नदीला महापूर होता. इथे चाललंय ते धातूतल्या भेगेबद्दल. पुरात वाहून जाणाऱ्या दगडी पुलाला पाण्याची पातळी बघून वाहतूक थांबवणं हाच उपाय, एईने तिथे काही साधलं नसतं. एका साधनाकडून सगळ्याची अपेक्षा ठेवली की त्याचं नाव खराब होतं.

फोर्थकाठची | 5 जुलै, संध्याकाळी 7:50 (इथे दुपार आहे)

पुलांचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव लिहिते. मी तेव्हा स्कॉटलंडमध्ये डनफर्मलिनला राहायचे आणि नोकरी एडिनबर्गला, रोज फोर्थ रोड ब्रिजवरून बस. 1964 चा झुलता पूल. प्रत्येक मुख्य केबलमध्ये 11,618 तारा, पेन्सिलपेक्षा बारीक. 2004 मध्ये केबलचं आवरण उघडून बघितलं तर आत गंज आणि तुटलेल्या तारा सापडल्या, ताकद 8 ते 10 टक्क्यांनी कमी झाली होती. मग 2006 मध्ये केबलला ऐकणारी यंत्रणा बसवली. आत कुठे एक तार तुटली तर तिचा आवाज टिपायचा आणि जागा काढायची. शिवाय केबलमधून कोरडी हवा सोडून गंज थांबवायचा. ते वाचलं तेव्हा मला फार आधार वाटला होता, की आपण बसमध्ये झोपलेलो असतो आणि कोणीतरी चोवीस तास ऐकतंय.

आणि डिसेंबर 2015 मध्ये पूल बंद! टॉवरजवळ डेकखालच्या ट्रसचा (पोलादी सांगाड्याचा) एक जोडभाग तडकला होता. भेग 20 मिलिमीटर रुंद. माणसांनी तपासणीत बघितली. केबल ऐकणाऱ्या यंत्रणेचा त्यात दोष नव्हता, ती केबलवर होती आणि तडा दुसरीकडे. पण आम्हा रोज जाणाऱ्यांचे ते तीन आठवडे काय गेले म्हणून सांगू. पहाटे पाचला उठून गच्च भरलेली ट्रेन. ख्रिसमसच्या तोंडावर गाड्यांसाठी पूल उघडला, जड ट्रक त्यानंतरही थांबले होते.

नाना_वेल्डर | 5 जुलै, रात्री 8:20

फोर्थवाल्या ताईंनी लाखातलं लिहिलं. जिथे कान तिथलंच ऐकू येणार. आमच्या यूटीलाही तेच लागू, जिथे प्रोब तिथलंच दिसणार. एवढं मान्य करतो.

गाळप_हंगाम | 6 जुलै, सकाळी 6:30

साखर कारखान्यात मिल विभागाला आहे. रोलरचा शाफ्ट दर दोन-चार हंगामांनी कुठेतरी तडकतोच आणि नेमका जानेवारीत, ऊस यार्डात उभा असताना. एई लावून आधी कळेल का?

मिलीसेकंद | 6 जुलै, सकाळी 9:10

@गाळप_हंगाम, खरं सांगतो, गाळप चालू असताना शाफ्टच्या भेगेसाठी मी एई लावणार नाही. गिअर, ऊस, बगॅस, साखळ्या या सगळ्याचा गोंगाट त्याच पोलादातून येतो. भेगेचा आवाज त्यात बुडून जाईल. ऑफ सीझनला शाफ्टच्या तोंडावरून यूटी करा, जर्नलच्या फिलेटवर (बेअरिंगच्या जागेच्या कडेच्या गोलाईवर) एमपीआय (चुंबक आणि लोखंडी कणांनी भेग शोधणं) करा, पैसे तिथे लावा. एईचा उपयोग तुमच्याकडे बेअरिंगला होऊ शकतो. मिनिटाला चार-पाच फेरे घेणाऱ्या बेअरिंगमध्ये व्हायब्रेशन मीटरला फारसं काही कळत नाही, तिथे एई लवकर बोलते.

अंतिम_वर्ष_मेक | 6 जुलै, दुपारी 12:45

सर, प्रोजेक्टसाठी एई घेतलंय. सेन्सर नीट बसलाय की नाही हे कसं बघायचं? गाईड म्हणाले पेन्सिल मोडून बघ. मला वाटलं मस्करी करतायत.

मिलीसेकंद | 6 जुलै, दुपारी 1:30

मस्करी नाही, जगभर हेच करतात. मेकॅनिकल पेन्सिल घ्यायची, 0.5 मिमीचं 2एच लीड, 3 मिमी बाहेर काढायचं. पत्र्याला तिरकं टेकवायचं आणि दाबून मोडायचं. लीड मोडताना पत्र्यावरचा दाब क्षणात सुटतो, आणि हा धक्का दर वेळी जवळजवळ सारखा असतो. सेन्सरपासून थोड्या अंतरावर तीनदा मोड, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. एखादा सेन्सर पाच-सहा डेसिबल कमी दाखवत असेल तर काढून पत्रा परत घास, ग्रीस बदल. बहुतेक वेळा खाली रंगाचा पापुद्रा राहिलेला असतो. काम संपल्यावरही हेच परत कर. नाहीतर मधेच सेन्सर सुटला आणि आपण त्याला "शांतता" समजलो असं होतं.

जमलं तर योझेफ कायझरचं काम समजून घे. म्युनिकला 1950 मध्ये त्याने पीएचडीत दाखवलं, की धातूवर एकदा जेवढा ताण देऊन काढला, परत ताण देताना तिथपर्यंत तो गप्प राहतो, त्याच्या पुढे गेल्यावर बोलतो. हा कायझर परिणाम. आणि परत ताण देताना आधीच्या उंचीच्या खालीच बोलायला लागला तर समजायचं, आत काहीतरी बिघडलेलं आहे. माझं सगळं काम या दोन वाक्यांवर उभं आहे.

नाना_वेल्डर | 6 जुलै, रात्री 9:05

हे आधी का नाही सांगितलं? मग दोनदा चढवा ना प्रेशर. सॅडलचा गंज पहिल्यांदा चुरडला की दुसऱ्यांदा बराचसा गप्प बसेल. भेग असेल ती परत बोलेल. साहेबांना हेच सांगा. ठिपके दाखवू नका, दोन सायकल दाखवा.

मिलीसेकंद | 6 जुलै, रात्री 9:22

नाना... हे मी उद्याच्या मीटिंगमध्ये तुमच्या शब्दांत सांगणार आहे.

कीमनचा_नातू | 29 जुलै, सकाळी 11:00

धागा वर काढतोय. काय झालं टेस्टचं?

मिलीसेकंद | 9 ऑगस्ट, रात्री 11:48

मंडळी, उशीर झाला. काल रात्री टेस्ट झाली, आजचा दिवस त्यातच गेला. सविस्तर लिहितो.

साहेबांनी दोन सायकलची परवानगी दिली, पण रात्री. दिवसा शेजारी पंप चालू असतो. बारा सेन्सर लावले. साडेनऊला पाऊस आला, आणि पावसाचा प्रत्येक थेंब पत्र्यावर हिट म्हणून नोंदला जातो, त्यामुळे पावणेदोन तास नुसते बसून. सव्वाअकराला थांबला. टपटप संपेपर्यंत अजून अर्धा तास.

पहिली सायकल: 50, 65, 85, 100 टक्के, प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं होल्ड. दोन्ही सॅडलवर ठिपक्यांचा सडा, नाना म्हणाले तसाच. त्याशिवाय सेन्सर 5 आणि 8 च्या मध्ये, वेल्डपासून चांगलं अर्धा मीटर लांब, उघड्या पत्र्यावर नऊ ठिपके. तिथे काहीच नव्हतं. ना नोझल (पाइप जोडायचं तोंड), ना सीम (वेल्डचा सांधा). माझ्यासोबतचा पोरगा म्हणाला, सर, नॉइज आहे.

प्रेशर उतरवलं, परत चढवलं. सॅडल जवळजवळ गप्प. आणि त्या उघड्या पत्र्यावर 85 टक्क्यांनाच पहिला ठिपका पडला. मग दुसरा. होल्डमध्येही दोन आले. माझे हात गार पडले होते.

आज सकाळी पाणी काढून तिथला रंग घासला. पांढरा रंग मारून एमपीआय केली. चुंबक ठेवून काळी शाई सोडल्यावर एक रेघ हळूहळू उमटली. 14 मिमी, सरळ नाही, मधे थोडी वाकलेली. घासलेल्या पत्र्यावर जुन्या वेल्डचा फिकट चौकोनी ठसाही दिसायला लागला. बुलेट बनवताना उचलायला तात्पुरता लग लावला असणार, नंतर कापून, घासून, वर रंग. ड्रॉइंगमध्ये नोंद नाही, म्हणून यूटीच्या प्लॅनमध्ये ती जागाच नव्हती.

साहेब स्वतः शिडीवर चढले. रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागत नाही. बराच वेळ तिथेच उभे होते, मग खाली येऊन म्हणाले, "असे लग अजून किती असतील?" हा प्रश्न मला फार आवडला.

नाना_वेल्डर | 10 ऑगस्ट, सकाळी 6:50

खोली किती?

मिलीसेकंद | 10 ऑगस्ट, सकाळी 7:20

यूटीने 2.5 मिमी. घासून काढली, एमपीआयला परत रेघ दिसत नाही तोपर्यंत घासलं. उरलेली जाडी लागते त्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे वेल्ड भरायची गरज नाही. लगचे अजून तीन ठसे सापडले, तिन्ही स्वच्छ.

नाना_वेल्डर | 10 ऑगस्ट, सकाळी 7:31

चांगलं केलंत, वेल्ड भरला नाही ते. आम्ही लग कापताना हातोडीने आडवा मारून तोडायचो, घाईत. पत्र्याचा टवका निघायचा आणि वर ग्राइंडर फिरवला की दिसायचं नाही. आता पोरांना सांगतो, कापून काढा, तोडू नका, आणि घासल्यावर डीपी (भेगेत झिरपणारा रंग लावून तपासणं) मारल्याशिवाय रंग नाही.

सावली_उन्हाची | 10 ऑगस्ट, सकाळी 10:15

वाचताना काटा आला अंगावर. बाबांची ती कथलाची कांडी अजून माळ्यावर आहे, काल काढून मुलीच्या कानाजवळ वाकवली. पुढे काय आता टाकीचं?

मिलीसेकंद | 10 ऑगस्ट, सकाळी 10:40

शनिवारी रात्री परत प्रेशर. सेन्सर 5 आणि 8 तिथेच ठेवलेत, आणि त्या घासलेल्या खळग्याच्या अगदी शेजारी तेरावा लावलाय.